‘निसर्गरम्य’ या विशेषणाविरुद्ध

प्रवासवर्णने लिहिणाऱ्या आमच्या मंडळींनी ‘निसर्गरम्य’ हे विशेषण निदान दहा वर्षे तरी वापरू नये, असा दंडक घालण्याचा अधिकार मला कोणी दिला, तर मी तो एका दिवसाचाही विलंब न लावता घालीन. शब्द मुळात काही वाईट नाही. परंतु हल्ली तो येतो तो पाहणे संपले हे जाहीर करण्यासाठी. एखादे स्थळ निसर्गरम्य आहे असे एकदा म्हटले, की तेथे कोण राहते, काय पिकवते, कोणाशी कशासाठी झगडले, या साऱ्या चौकशांतून लेखक मोकळा होतो. आणि चांगली गोष्ट अशी की वाचकही होतो!

हा राग एकाएकी आलेला नाही. गेल्या पावसाळ्यात आमचे एक स्नेही फ्रान्सचा प्रवास करून परतले आणि येथील वाचनालयात पडद्यावर चित्रे दाखवून त्यांनी त्या प्रवासावर व्याख्यान दिले. गृहस्थ बहुश्रुत, वृत्तीने सरळ. पॅरिसविषयी ते पुष्कळ माहितीपूर्वक बोलले; तेथील एकेका चौकाचा इतिहास त्यांना मुखोद्गत होता. शेवटची वीस मिनिटे त्यांनी दक्षिणेकडील सेव्हेन नावाच्या डोंगराळ मुलखाला दिली, आणि येथे मात्र त्यांचा सूरच पालटला. या मुलखात राजवाडे नाहीत, मोठी देवळे नाहीत, इतिहास जणू या डोंगरांना वळसा घालून पुढे गेला; म्हणून येथे मनाला खरी विश्रांती मिळते, येथे केवळ निसर्ग आहे, असे त्यांचे म्हणणे. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. घरी आल्यावर मात्र चैन पडेना. काही वर्षांपूर्वी त्याच डोंगरांतून मी आठ दिवस पायी हिंडलो होतो, आणि पडद्यावर आलेल्या त्या चित्रांत माणसाचा हात न लागलेले असे एकही चित्र नव्हते, हे मला ठाऊक होते.

ज्यांना या प्रांताचा परिचय नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे अवश्य आहे. फ्रान्सच्या मध्यभागी जे मोठे पठार आहे त्याची आग्नेयेकडील कड म्हणजे सेव्हेन. उत्तरेस माँ लोझेर हा ग्रॅनाइटचा बोडका, रुंद पाठीचा डोंगर, उंची १६९९ मीटर. पश्चिमेस कॉस नावाची चुनखडीची ओसाड पठारे, आणि त्यांना सुरीने कापल्याप्रमाणे चिरीत गेलेली तार्न नदीची घळ. दक्षिणेकडे पाटीसारखे पापुद्रे सुटणाऱ्या शिस्ट दगडाच्या अरुंद डोंगररांगा एकीमागून एक भूमध्य समुद्राच्या दिशेने उतरत जातात. शरद ऋतूत समुद्रावरून आलेले ढग या कडेला अडतात आणि एखाद्या दिवसात असा काही पाऊस कोसळतो, की घाटमाथ्यावर वाढलेल्या माणसालासुद्धा तेथे परके वाटू नये.

आता त्या चित्रांकडे वळू. सर्वांत अधिक टाळ्या ज्याला पडल्या ते चित्र सँ-झां-द्यु-गारपासून फ्लोराककडे डोंगराच्या माथ्यामाथ्याने जाणाऱ्या रस्त्याचे होते. या रस्त्याला तिकडे कॉर्निश, म्हणजे सज्जा, म्हणतात. दोहों बाजूंस खोल खोरी, आणि मधून हा रस्ता. निसर्गाने प्रवाशासाठी स्वहस्ते कोरलेला सज्जा, असे स्नेह्यांनी त्याचे वर्णन केले. वास्तविक हा रस्ता चौदाव्या लुईच्या लाँगदोक प्रांतावरील कारभाऱ्याची, बाव्हीलची, करणी आहे. जुन्या डोंगरवाटा रुंद करून त्यांवरून फौजा आणि तोफा जाव्यात एवढ्यासाठी त्याने डोंगरभर असे रस्ते काढविले. रस्ता खोऱ्यातून न जाता माथ्यावरून जातो यात रसिकतेपेक्षा लष्करी शहाणपण अधिक आहे. खोऱ्यात दगा होतो, माथ्यावरून दोन्हीकडची गावे नजरेखाली राहतात. ज्या वळणावर आज मोटारी थांबतात आणि कुटुंबेच्या कुटुंबे छायाचित्रे काढतात, तेथून पाहण्याचा हेतू मुळात निराळा होता.

या फौजा कोणावर चालून जात होत्या, हे सांगितल्यावाचून तो देखावा कळत नाही. सेव्हेनमधील बहुतेक प्रजा प्रॉटेस्टंट पंथाची. १५९८ साली नान्त येथे निघालेल्या राजाज्ञेने या पंथाला फ्रान्समध्ये राहण्याची मुभा मिळाली होती. ती आज्ञा चौदाव्या लुईने १६८५ साली रद्द केली. प्रार्थनामंदिरे पाडली गेली, धर्मोपदेशकांना देशत्याग करावा लागला, बायकांना आजन्म तुरुंगात आणि पुरुषांना गलबतांवर वल्ही मारण्यास धाडले जाऊ लागले. तेव्हापासून १७८७ साली सहिष्णुतेचा कायदा होईपर्यंतच्या शंभर वर्षांच्या काळाला ते लोक ‘देझेर’ म्हणतात. या शब्दाचा वाळवंट असा सरळ अर्थ केल्यास फसगत होते. इस्राएल लोक ज्यात चाळीस वर्षे भटकले ते हे ‘देझेर’. मराठी बायबलात त्याला रान म्हटले आहे, आणि सेव्हेनच्या बाबतीत हाच शब्द अक्षरशः लागू पडतो. कारण ते लोक खरोखरीच रानात, चेस्टनटच्या झाडांखाली, दगडांच्या कपारींत रात्री जमून प्रार्थना करीत. मियाले गावाजवळ मास सुबेरां नावाच्या वाडीत त्या काळाचे एक संग्रहालय आहे. तेथे एक लाकडी व्यासपीठ ठेवले आहे. ते घडी घालून मिटले की धान्याच्या पिंपासारखे दिसते. शिपाई आले तर घरात दाणे भरलेले पिंप आहे एवढेच त्यांना दिसावे! आमच्या स्नेह्यांनी जी झाडे ‘स्वयंभू सभामंडप’ म्हणून दाखविली त्यांचा सभामंडप खरोखरच झाला होता, फक्त त्या सभेला बसणारा मनुष्य आपले घरदार पणास लावून बसत असे.

१७०२ सालच्या २४ जुलैच्या रात्री तार्न नदीवरील पाँ-द-माँव्हेर या गावी पन्नासएक माणसे स्तोत्रे म्हणत शिरली. तेथे शायला नावाचा धर्माधिकारी आपल्या घरात पकडलेल्या लोकांना कोंडून त्यांचे हाल करीत असे. जमावाने कैदी सोडविले, घराला आग लावली, आणि पळताना पाय मोडलेल्या शायलाला बाहेर ओढून ठार केले. अवघ्या तीन आठवड्यांत त्यांचा एक पुढारी एस्प्री सेगिए याला त्याच गावात जिवंत जाळण्यात आले. येथून कामिझारांचे युद्ध सुरू झाले. त्यांच्यात सरदार नव्हता, जमीनदार नव्हता. झां काव्हालिए हा भटारखान्यात उमेदवारी केलेला वीस-एकवीस वर्षांचा पोरगा, आणि रोलाँ हा मेंढ्या-बकऱ्यांची खच्ची करणारा. बहुतेक सारे पिंजारी, विणकर, गुराखी. अशा दोन-तीन हजार लोकांनी युरोपातील सर्वांत बलाढ्य राजाच्या कित्येक पट मोठ्या फौजेला दोन वर्षे डोंगरात झुलवीत ठेवले, आणि एकामागून एक मार्शल त्यांच्यावर पाठवावे लागले.

येथे महाराष्ट्रीय वाचकाला एक गोष्ट आठवल्याशिवाय राहणार नाही. नेमक्या याच वर्षांत ताराबाईच्या कारकिर्दीत मराठे सह्याद्रीत लढत होते आणि औरंगजेब जातीने गडामागून गडाला वेढे घालीत होता. योगायोग मोठा चित्तवेधक आहे. परंतु तेथेच थांबावे हे बरे. मराठ्यांना राज्य राखावयाचे होते. कामिझारांना राज्य नको होते, आपल्या पद्धतीने प्रार्थना करण्याची मोकळीक हवी होती, आणि राजाला ते शेवटपर्यंत आपला राजाच म्हणत. शिवाय त्यांना निव्वळ हुतात्मे बनविणेही खरे नाही. त्यांनी कॅथलिक गावे जाळली, बायकामुलेही मारली. ते सर्व सांगणे हेच इतिहासाला शोभते. अन्यथा ‘निसर्गरम्य’च्या जागी ‘वीरश्रीयुक्त’ हे दुसरे झापड येऊन बसेल.

१७०३ च्या पावसाळी शरद ऋतूत राजाच्या सेनापतीने निराळाच उपाय योजला. माणसे सापडत नाहीत तर त्यांना दाणागोटा देणारी गावेच नाहीशी करावी! माथ्यावरच्या खोऱ्यांतील चारशेंहून अधिक खेडी आणि वाड्या नकाशावर मुक्रर करून पद्धतशीर उद्ध्वस्त करण्यात आल्या. प्रथम कुदळींनी घरे पाडावयास घेतली. ते फार सावकाश होते असे दिसताच आग लावली. पुढच्या वर्षी काव्हालिए तहाला वळला, आणि पुढे इंग्रजांच्या चाकरीत सेनापती झाला. रोलाँ ऑगस्टात मारला गेला. मास सुबेरां येथील ते संग्रहालय आहे ते याच रोलाँच्या घरात.

पडद्यावर एक पडके घरही आले होते. वेली चढलेल्या त्या भिंतींनी काव्यमय उदासीनता उत्पन्न होते, असे स्नेही म्हणाले. उदासीनतेबद्दल वाद नाही. पण कारण कळले असते तर ती थोडी कमी काव्यमय वाटली असती. अशी बहुतेक घरे राजाच्या फौजेने पाडलेली नाहीत. जळलेली खेडी लोकांनी पुन्हा बांधली. पुढे त्यांतील कित्येक ओस पडली ती पोट भरेना म्हणून.

ही पोटाची कथा त्या डोंगरउतारांवर लिहिलेली आहे, आणि ‘निसर्ग’ या नावाखाली जे सर्वांत अधिक खपवले जाते ते हेच उतार. दुरून हिरव्या पायऱ्यांसारखे दिसतात. जवळ गेले की त्या पायऱ्या म्हणजे गडगे आहेत हे ध्यानात येते. आमच्या कोकणात चुना-माती न लावता दगडावर दगड बसवून जसा गडगा घालतात, तसेच हे गडगे. उभ्या उतारावर असे शेकडो गडगे घालून, त्यांच्या आड माती अडवून त्या लोकांनी हातरुमालाएवढाली शेते केली. मोठा पाऊस झाला की माती खाली जाई. मग बायका-पुरुष ती टोपल्यांत भरून पाठीवरून पुन्हा वर नेत. पिढ्यान् पिढ्या हे चालले. चेस्टनटचे झाडही आपोआप उगवलेले रान नव्हे. कलमे करून, खालची जमीन झाडून, पाणी वळवून ते राखावे लागते. त्याला तिकडे भाकरीचे झाड म्हणत, कारण गहू पिकत नसे आणि घरोघर वर्षाचे बरेच महिने हेच पोटात जाई. त्यासाठी वाडीवाडीत एक लहानसे दगडी घर असे. खाली मंद विस्तव, वर फळ्यांवर चेस्टनट पसरलेले, आणि काही आठवडे तो धूर धुमसत ठेवावयाचा. मग ते फळ वर्षभर टिके.

१७०९ च्या भयंकर थंडीत ही झाडे मोठ्या प्रमाणावर मेली, आणि लोकांनी त्या गडग्यांवर तुती लावली. त्यातून रेशमाचा धंदा वाढला. घरावर एक माडी चढवून तीत किडे पाळावयाचे, माडीला ऊब देण्यासाठी कोपऱ्याकोपऱ्यांत आगट्या. आज प्रवासी ज्यांना ‘उंच, ऐटदार ग्रामीण गृहे’ म्हणतात त्यांची उंची या किड्यांनी आणली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास किड्यांवर रोग पडला. १८६५ पासून कित्येक वर्षे पाश्चर आलेस शहराजवळ राहून त्या रोगाचा तपास करीत होते आणि निरोगी अंडी निवडण्याची रीत त्यांनी शोधून काढली. पण तोपर्यंत पूर्वेकडचे स्वस्त रेशीम येऊ लागले होते. पुढे कृत्रिम धागा आला. सँ-झां-द्यु-गार येथील शेवटची रेशमाची गिरणी १९६५ साली बंद पडली. तिच्या इमारतीत आज संग्रहालय आहे. चेस्टनटलाही रोग लागला आणि कातडी कमावण्याच्या अर्कासाठी झाडेही तुटली. लोक खाली मैदानात खाणींत, रेल्वेत, शहरांत गेले. लोझेर जिल्ह्यात आज सुमारे ७६ हजार माणसे राहतात. १८५० च्या सुमारास ती जवळजवळ दुप्पट होती. ते पडके घर हे अशा हिशेबातले आहे.

आता थोडे स्वतःविषयी बोलणे प्राप्त आहे, कारण दुसऱ्यावर दगड टाकणाऱ्याने आपले अंगण आधी दाखवावे. कित्येक वर्षे मी विद्यार्थ्यांना रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचे सेव्हेनच्या प्रवासाचे पुस्तक शिकविले. १८७८ च्या सप्टेंबरात हा सत्तावीस वर्षांचा स्कॉटिश लेखक मोदेस्तीन नावाची एक गाढवी ६५ फ्रँक आणि एक पेला ब्रँडी देऊन विकत घेतो, आणि तिला हाकीत बारा दिवसांत ल मोनास्तिएपासून सँ-झां-द्यु-गारला पोहोचतो. आमच्या वेच्यांत गाढवीचे प्रकरण असे, आणि पाइन वृक्षांखाली उघड्यावर काढलेल्या रात्रीचे असे. विद्यार्थी हसत, मग भारावत, आणि तास संपे. पुस्तकाच्या अखेरचा मोठा भाग कामिझारांच्या देशाला वाहिलेला आहे, हे मी त्यांना सांगितले नाही, कारण ते ‘इतिहासाचे’ होते आणि परीक्षेत येत नव्हते. स्टीव्हन्सनला ही फोड ठाऊक नव्हती. त्याच्या स्वतःच्या देशातही धर्मासाठी डोंगरात लपलेल्या लोकांची परंपरा होती. तो या युद्धाची माहिती वाचून आला होता, आणि पाँ-द-माँव्हेरला पोहोचल्यावर नदीच्या सौंदर्यापाशी न थांबता शायलाच्या खुनाची हकीकत मांडून बसतो. आज त्याच्या वाटेवरून जी. आर. ७० नावाचा पायरस्ता गेला आहे आणि हौशी लोक भाड्याने गाढवे घेऊनही तो चालतात. त्याने गाढव घेतले होते हे सर्वांनी ध्यानात ठेवले, तो वाचून आला होता हे मात्र फार थोड्यांनी. त्या विसरण्यात माझाही वाटा आहे.

कोणी म्हणेल, प्रोफेसरसाहेब, डोळ्यांना साधे सुख घेऊ द्याल की नाही? दर झाडाखाली टिपणवही उघडून बसावयाचे काय? आक्षेप रास्त आहे. मी स्वतः त्या डोंगरांत काही संध्याकाळी नुसता बसून राहिलो आणि एकही शहाणा विचार केला नाही. सुखाला माझा विरोध नाही. त्या सुखासाठी तेथील माणसाला चित्रातून पुसण्याला आहे. फ्लोराकच्या वाटेवर एक म्हातारा पावसाने ढासळलेला गडगा पुन्हा रचीत होता. एका प्रवासी बाईंनी त्याला अत्यंत विनयाने, चित्रात तो येतो म्हणून, थोडे बाजूस होण्याची विनंती केली. तो झाला. चित्र चांगले आले असावे.

आणि हा केवळ अभिरुचीचा प्रश्न राहिलेला नाही. युरोपात आता एक मत जोर धरीत आहे, की ओस पडलेले डोंगर निसर्गाला परत देऊन टाकावेत. लांडगा, जो तेथून नाहीसा झाला होता, गेल्या दहा-पंधरा वर्षांत लोझेरमध्ये पुन्हा दिसू लागला. शहरातल्या माणसाला त्यात निसर्गाचा विजय दिसतो. उन्हाळ्यात लाँगदोकच्या मैदानातून मेंढ्यांचे कळप जुन्या वाटांनी माँ लोझेर आणि एग्वालवर नेणाऱ्या धनगराला निराळे दिसते. ही मेंढरे वर गेली नाहीत तर ती मोकळी माळराने काही वर्षांत झुडपांनी आणि पाइनने भरून जातात. गडग्याला दरवर्षी हात लावला नाही तर तोही फुटतो, आणि एक फुटला की त्याखालचे चार फुटतात. म्हणून युनेस्कोने २०११ साली सेव्हेन आणि कॉस यांची तीन लाख हेक्टरांहून अधिक भूमी जागतिक वारशात घेतली ती शेती आणि पशुपालन यांनी घडविलेला सांस्कृतिक भूप्रदेश म्हणून. १९७० साली स्थापन झालेल्या सेव्हेनच्या राष्ट्रीय उद्यानात तर गाभ्याच्या भागातही माणसे कायम राहतात. ज्याला हे ठाऊक नाही आणि जो ‘केवळ निसर्ग’ पाहून आला आहे, तो धनगराला उपरा आणि गडगेवाल्याला अडथळा समजणार, आणि उद्या मत देण्याची वेळ आली तर त्याप्रमाणे देणार.

धनगराची बाजू सर्वस्वी निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. एग्वालचे दाट अरण्य स्नेह्यांनी आदिम म्हणून दाखविले. एकोणिसाव्या शतकात हा डोंगर अतोनात तोडीने आणि चराईने उघडा पडला होता, आणि पुराचे पाणी खालची गावे धुऊन नेत होते. १८७५ पासून झॉर्ज फाब्र या जंगल-अधिकाऱ्याने, धनगरांचा रोष पत्करून, तेथे झाडे लावून घेतली. वनस्पतिशास्त्रज्ञ शार्ल फ्लाओ यांनी त्याच्या साहाय्याने डोंगराच्या कुशीत, कोणती झाडे तेथे जगतात हे पाहण्यासाठी, वृक्षांचे प्रयोगक्षेत्र उभे केले. त्या जागेचे नाव ‘देवाची बाग’. अशी ती आदिम अरण्ये! त्या भांडणात फाब्रचे बरोबर होते असे मला वाटते. पण ते भांडण झाले होते, दोन्ही बाजूंस माणसे होती, आणि जंगल त्या भांडणाचा निकाल आहे.

शेवटचे चित्र माँ लोझेरवरील एका वाडीचे होते: उघड्या माळावर चारदोन दगडी घरे, आणि एक आखूड मनोरा, त्यात घंटा. चर्च नाही, नुसतीच घंटा. याला वादळाची घंटा म्हणतात. हिवाळ्यात बर्फाच्या वावटळीत हात पुढे केला तर दिसत नाही, अशा वेळी वाडीतला कोणी ना कोणी तासन् तास ती दोरी ओढीत उभा राही, की वाट चुकलेल्याने आवाजाच्या रोखाने यावे. स्नेह्यांनी हे चित्र सर्वांत थोडा वेळ दाखविले. त्यात रंग नव्हते हे खरे.

ते आपल्या व्याख्यानाचा लेख करणार आहेत असे ऐकतो. लेख होऊ द्यावा. त्यांची भाषा चांगली आहे आणि डोळाही. माझी मागणी एवढीच, की त्या रस्त्याच्या चित्राखाली निसर्गाच्या जागी बाव्हीलचे नाव घालावे, आणि घंटेचे चित्र, जागा असेल तर, थोडे मोठे छापावे.